सहाव्या रोबोचं शुद्धिपत्र

गुरुवार, सकाळ. गॅलरी.

परमस्नेही, पुठ्ठ्यांचे पालनकर्ते, फाटक्या पुस्तकांचे वैद्यराज आणि पहिलीपासून सातवीपर्यंतचे आमचे बाकबंधू डिंक्याजीराव यांस,

गॅलरीतल्या डुगडुगत्या खुर्चीवरून, एक हात कठड्याला धरून, उरलेल्या एका हाताने जमेल तेवढा नमस्कार. इकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे येईलच. तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्यांची, खोकल्याची आणि डाव्या कानात वाजणाऱ्या शिट्टीची चौकशी मी दर पत्रात करतो आणि तू दर उत्तरात तिला बगल देतोस, म्हणून या खेपेस ती वगळतो. या खेपेस बोटांविषयी विचारतो. ती थरथरत नाहीत ना? सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो ना? तो चार केसांचा बारीक ब्रश अजून जपून ठेवला आहेस की सुनेने केरात टाकला? खळ अजून घरीच शिजवतोस ना? चिकटवलेलं पान चिकटवलेलं आहे हे लेखकालासुद्धा कळू नये, अशी बाइंडिंगखान्यात तुझी ख्याती होती. ती कला अंगात आहे की वयाबरोबर गेली? (सहज विचारतो. या वयात मित्राच्या बोटांची काळजी वाटते, एवढंच.)

आता हकीकत. माझे जावईबापू तुला माहीत आहेतच. (माहीत म्हणजे लग्नात तू त्यांना पाहिलं होतंस. त्यापेक्षा जास्त मलाही माहीत नाहीत.) ते लिफ्टची तपासणी करतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये उभं राहायचं, वर जायचं, खाली यायचं, दोऱ्या बघायच्या, शेरा लिहायचा. आता लिफ्टमध्ये कोण कोणाशी बोलतं, तूच सांग. तीच सवय घरी. आमची ही गेल्यानंतर मी लेकीकडे राहायला आलो त्याला सहा वर्षं झाली, पण या गृहस्थांनी मला अजून हाक मारलेली नव्हती. सासऱ्याला काय म्हणायचं हे लग्नाच्या गडबडीत ठरवायचं राहून गेलं आणि नंतर विचारायला फार उशीर झाला, असं माझं अनुमान आहे. त्यामुळे ते माझ्याशी कर्ता नसलेल्या वाक्यांत बोलतात. "पंखा हवाय का?" "पेपर झाला का?" मीही "हो", "झाला" अशी क्रियापदं परत करतो. माणूस वाईट नाही. माझ्या खोलीची कडी मी न सांगता दुरुस्त केली, गरम पाण्याच्या नळावर लाल ठिपका लावला. पण सहा वर्षांत आमच्या दोघांची मिळून जेवढी वाक्यं झाली असतील तेवढी तू आणि मी मधल्या सुट्टीत संपवत होतो.

या जावईबापूंना एक नाद आहे. हॉलमध्ये काचेचं मोठं कपाट आहे. मी आलो तेव्हा मला वाटलं पुस्तकं असतील, आणि सामान ठेवायच्या आधी चष्मा लावून तिकडे गेलो. पुस्तकं कसली, सगळी खोकी. पुस्तकांसारखीच ओळीने, पाठ बाहेर करून, नंबराने लावलेली, आणि प्रत्येकात म्हणे एक रोबो, करंगळीएवढा. मोठी माणसं हे जमवतात. त्यांचा क्लब आहे, अध्यक्ष आहेत, महिन्याला एक पत्रक निघतं आणि त्यात नव्या संचाचं परीक्षण येतं. लहानपणी तू आणि मी काड्यापेटीची झाकणं जमवली म्हणून गुरुजींनी आपल्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आपण फक्त चाळीस वर्षं लवकर जन्मलो, दुसरं काही नाही.

तर गेल्या महिन्यात या क्लबात जावईबापूंची परीक्षण लिहायची पाळी आली. मागच्या वेळी त्यांनी लिहिलेलं परीक्षण मी पाहिलं आहे. ते असं होतं: "संच चांगला आहे. रंग चांगला आहे. घ्यावा." यावर क्लबात नाराजी झाली म्हणे. (माझं विचारशील तर त्यात काटण्यासारखा एकही शब्द नाही.) आणि तीन आठवड्यांच्या कसल्याशा प्रशिक्षणाला निघताना, बॅग दारात ठेवून, हे गृहस्थ नऊ खोकी एका ट्रेमध्ये घेऊन माझ्या खोलीत आले. ती माझ्या टेबलावर ठेवली, आणि चपलांकडे बघत म्हणाले, "जरा नीट बघून चार ओळी लिहाल का? तुमचं मराठी चांगलं आहे." दोन वाक्यं, डिंक्या. सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं माझ्याकडे. मी फक्त मान हलवली, आणि ते खाली गेले, अर्थात लिफ्टने.

आता यात घोळ काय झाला ते ऐक. ते म्हणाले "नीट बघून". हे कोणाला म्हणाले? एक्केचाळीस वर्षं ज्याने प्रुफं तपासली त्याला. मूळ प्रतीशी शब्दन् शब्द ताडून पाहिल्याशिवाय ज्याने आयुष्यात एका पानावर "तपासले" अशी सही केली नाही, लग्नपत्रिकेतसुद्धा वराच्या बापाकडे माणूस पाठवून आजोबांचं नाव पडताळून घेतलं, त्या मला. (त्या लग्नाला उशीर झाला तो माझ्यामुळे नव्हे, हे मी तुला हजारदा सांगितलं आहे.) मी चष्मा पुसला, भिंग काढलं, लाल पेन्सिलीला टोक केलं आणि पहिलं खोकं उलटं केलं. पाठीवर बारीक अक्षरांत यादी होती. डोके एक, धड एक, उजवा हात एक, डावा हात एक, पाय दोन, हत्यार एक, माहितीपत्रक एक. म्हणजे ही झाली मूळ प्रत. मग ताडून बघायला आतला ऐवज नको? प्रत्येक खोक्याच्या कानावर (झाकणाच्या दुमडीवर) एक गोल चंदेरी टिकली चिकटवलेली होती. मी ब्लेडने ती मधोमध कापली. नऊच्या नऊ. चौथ्या खोक्याचा कान जरा फाटला, पण मला त्याचं काही वाटलं नाही. पुस्तकाची न कापलेली पानं आपण कापतोच ना?

रोबोंबद्दल माझं मत तुला आधीच कळलं असेल. अरे, एवढ्या लहान वस्तूत एवढा राग कशासाठी? एक नंबरच्या कपाळाला आठ्या, दोन नंबरच्या कपाळाला आठ्या, तीन नंबरला तर कपाळच नाही, पण जिथे असायला हवं तिथे आठ्या आहेत. आपल्या हस्तकलेच्या तासाला आपण मातीचा बैल केला होता, त्याला तीनच पाय होते, पण चेहऱ्यावर काय समाधान होतं. दोन नंबरचा मोडला की मोटार होते असं पत्रकात लिहिलंय. मी पाऊण तास मोडला, तर इस्त्री झाली. परत रोबो करायला गेलो तर तो इस्त्रीवर अडून बसला. (अजूनही इस्त्रीच आहे.) चौथ्याच्या तळव्यांत लोहचुंबक आहे. तो टेबलावरून उडून माझ्या भिंगाच्या कडीला चिकटला आणि काही केल्या सोडीना. सातव्याच्या पाठीला पंख आहेत, पण ते अशा जागी बसवलेत की तो उडाला तर उलटा उडेल. आठव्याला चेहरा नाही, आणि नवव्याचं पोट पारदर्शक असून आत आणखी एक रोबो आहे, त्याच्याही कपाळाला आठ्या. या सगळ्यांच्या हातात हत्यारं. एकाच्याही हातात पाटी नाही, फुगा नाही, निदान छत्री तरी. मला वाटतं या कंपनीतल्या माणसांना शाळेत कविता पाठ करायला लावल्या नसाव्यात. सकाळी उठून आठ ओळी चालीवर म्हटल्या की माणूस इतक्या आठ्या काढूच शकत नाही.

आणि मग सहा नंबर उघडला. दिसायला मठ्ठ, निळा, पोटावर एक पिवळा दिवा. यादीशी ताडला. डोके, धड, पाय दोन, हत्यार म्हणून एक पाना. उजवा हात एक. मी थांबलो. उजवा हात नव्हता. डावा होता, आणि उजव्याच्या जागीसुद्धा डावाच होता. अंगठे दोन्ही एकाच दिशेला. भिंगातून पाहिलं, पालथा करून पाहिलं, माझेच हात शेजारी धरून पाहिले. दोन्ही डावे.

डिंक्या, मला त्या क्षणी हसू आलं. दुसरीतली ती हातवाऱ्यांची कविता आठवते का? पाखरू उजवीकडून यायचं, होडी डावीकडून, आणि शेवटी दोन्ही हात वर करून सूर्य उगवायचा. साठ मुलांचे उजवे हात वर गेले की त्यात तुझा एकट्याचा डावा. बाई दर वेळी म्हणायच्या, "याला देवाने दोन्ही डावे हात दिलेत." मी तुझ्या कोपराला खालून ढोसायचो, तरी डावाच. पुढे त्याच दोन डाव्या हातांनी तू अशी पुस्तकं बांधलीस की पन्नास वर्षांत एकाचं पान सुटलं नाही. आता ती कविता पाठ्यपुस्तकात नाही. मी मध्ये एका शिक्षिकेला विचारलं, तर तिने मला ती मोबाइलवर शोधून दाखवते म्हटलं आणि दाखवली ती कुठल्याशा साबणाची जाहिरात. असो. विषय रोबोंचा होता.

परीक्षण मी मनापासून लिहिलं. चार ओळींऐवजी अकरा पानं झाली. त्यात बालपणाच्या खेळण्यांची तुलना होती, आठ्यांवर एक परिच्छेद होता, आणि शेवटी रीतसर शुद्धिपत्र जोडलं: "खोके क्र. ६, पाठीवरील ओळी तिसरी व चौथी, 'उजवा हात एक, डावा हात एक' असे छापले आहे, तेथे 'डावे हात दोन' असे वाचावे." त्याखाली दोन ओळी सुचल्या त्याही लिहिल्या:

उभा राहतो, पण चालत नाही,
हात दोन, पण उजवा नाही.

लेक सकाळी सातला दवाखान्यात रक्त तपासायच्या नोकरीला जाते ती दिवेलागणीला येते, म्हणून मी कागद घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या बाईंकडे गेलो. त्या टायपिंगही करतात. चपळ बाई, पण आपल्या जुळाऱ्यांसारखीच गत, हात अक्षरं लावतात आणि डोकं दुसरीकडे असतं. अकरा पानं फाडफाड टाइप केली, जावईबापूंनी दिलेल्या क्लबाच्या पत्त्यावर कॉम्प्युटरने धाडून दिली, आणि मग कागद माझ्या हातात परत देताना शेवटच्या पानावर त्यांची नजर पडली. त्यांच्या दिराला हाच नाद आहे, असं निघालं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, हे उघडायचे नसतात हो."

मला आधी कळेचना. मग त्यांनी गिऱ्हाइकाला बाजूला उभं करून मला समजावून सांगितलं. ही खोकी म्हणे कोणी उघडत नाही. घेतात, ठेवतात, बघतात ते खोकंच. ती चंदेरी टिकली शाबूत असेल तर तो रोबो, कापली की नुसतं खेळणं. परीक्षणसुद्धा खोक्याचं करायचं असतं, चित्र कसं आहे, अक्षरं कशी आहेत, कोपरे शाबूत आहेत का. मी विचारलं, मग आत रोबो आहे हे यांना कसं कळतं? त्या म्हणाल्या, विश्वास असतो. डिंक्या, माझ्या तोंडचं पाणी पळालं. काचेच्या कपाटातली ती सगळी खोकी डोळ्यांपुढे आली. एकही उघडलेलं नव्हतं. अकरा वर्षं हा माणूस जमवतोय आणि त्याने एकाचंही तोंड पाहिलेलं नाही, आणि मी त्याचा अख्खा संच एका सकाळी चिरला. तेही त्याने "नीट बघून" म्हटलं म्हणून.

घरी येऊन कोरा चहा घेतो तोच फोन वाजला. क्लबचे अध्यक्ष. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आवाज मोठा सभ्य. परीक्षण वाचून भारावून गेलो वगैरे झालं, आणि मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, की सहा नंबरचे दोन्ही हात डावे आहेत हे आपल्याला कसं कळलं? आता इथे खरं बोलायला हवं होतं. मी आयुष्यात खोटं फार थोडं बोललो आहे, तेही बहुतेक तुझ्या वतीने. पण त्या खोक्यांवर जावईबापूंचं नाव होतं. उघडली असं म्हटलं असतं तर क्लबात त्यांचं नाक कापलं गेलं असतं आणि घरात माझं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अनुभवावरून." पलीकडून अत्यंत आदराने विचारणा झाली, "नुसतं हातात धरून?" मी म्हटलं, "कानाशीही धरतो." हे का म्हटलं ते मला विचारू नकोस. एक चूक सोडली की पुढच्या फर्म्यात (सोळा पानांत) दहा निघतात, हे मी नवशिक्यांना शिकवत आलो.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. टॉवेलात गुंडाळून त्यांचं सहा नंबरचं खोकं घेऊन आले. मला सोफ्यावर बसवलं, खोकं हातात दिलं आणि समोर हात जोडून बसले. काय करणार? मी डोळे मिटले, खोकं कानाशी धरलं आणि वेळ जावा म्हणून मनातल्या मनात चौथीतली एक बारा ओळींची कविता पूर्ण म्हटली. मग म्हटलं, "याला उजवा आहे." मला वाटलं माणूस सुटकेचा श्वास टाकेल. तो चक्क हिरमुसला. कारण, हे पुढे कळलं, चूक असलेला रोबो या लोकांत दुर्मीळ ठरतो. चुकीची प्रत म्हणजे रत्न. मी एक्केचाळीस वर्षं डोळ्यांची भुकटी करून चुका काढल्या, आणि ही माणसं चुका शोधून काचेत ठेवतात. माझ्या डोक्याची शीर ठणकायला लागली ती अजून थांबलेली नाही. पाठोपाठ तिघं आले. एक भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाई सहा खोकी घेऊन आल्या आणि "निदान एकाला तरी असेल बघा ना" म्हणून माझ्या कानाशी एकामागून एक धरत होत्या. मी सहा वेळा ती बारा ओळींची कविता म्हटली. पाचव्या खेपेला त्यातलं एक कडवं गाळलं, त्याची अजून टोचणी आहे. लेक म्हणते, "बाबा, तुमच्याकडे माणसं यायला लागली, किती बरं वाटतंय." तिला काय सांगू?

आणि आता मुख्य संकट. साऱ्या क्लबात दोन डावे हात असलेला रोबो एकच, तो आमच्याकडचा, आणि टिकलीसकट शाबूत आहे असं सर्वांना वाटतं आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी क्लबची माणसं ते खोकं बघायला घरी यायची आहेत. अध्यक्ष त्यासाठी काचेची पेटी घेऊन येणार आहेत.

हे सगळं पत्करलं असतं, डिंक्या. मी सरळ जावईबापूंना फोन करून म्हटलं असतं, घडलं ते घडलं, पंखा लावायचा नसेल तर नका लावू. तसा फोन करायला मंगळवारी उठलोही होतो. तेवढ्यात त्यांचाच आला. मी "हॅलो" म्हटलं आणि पलीकडून शब्द आला, "बाबा." मी मागे वळून पाहिलं, लेक आली की काय म्हणून. मग ते म्हणाले, अध्यक्षांचा फोन होता, सगळे तुमचंच बोलतायत. आणि परत म्हणाले, "बाबा, मला फार छान वाटलं." एका फोनवर दोनदा. सहा वर्षांत जो शब्द छापायचा राहून गेला होता तो दोनदा. सांग आता, त्या माणसाला काय सांगू? मी म्हटलं, "जेवलात का?"

लोभ आहेच, तो वाढवायला आता आपल्या दोघांच्याही कपाटात जागा नाही, तेव्हा आहे तेवढाच नीट ठेव. वहिनींना नमस्कार. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नकोस.

तुझा,
कानामात्रा

ता. क. या पत्रासोबत एक पार्सल आहे. त्यात नऊ खोकी आणि, कापसात गुंडाळून, नऊ रोबो आहेत. आता तुला कळलं असेल मी बोटांची चौकशी का केली. टिकल्या मधोमध कापल्या आहेत, दोन्ही अर्धुकं जपून ठेवली आहेत. ती अशी जुळव की चष्म्याच्या दुकानदारालासुद्धा भिंगातून दिसू नये. चौथ्याचा कान आतून पातळ कागदाने सांध. दोन नंबरची इस्त्री तशीच ठेव, प्रयत्न करू नकोस, वेळ जाईल. जावईबापू पुढच्या शुक्रवारी येतात, त्याआधी पार्सल परत हवं. हे तुझ्या हातून झालं नाही तर मी परत कर्ता नसलेल्या वाक्यांत जाईन.

ता. क. २. पार्सल आज धाडता आलं नाही. पत्र मिटताना चार नंबर दिसेना. दिवसभर शोधला. तो फ्रीजच्या दाराला, खालच्या बाजूला, उलटा चिकटला होता.

ता. क. ३. शुक्रवार, दुपार. वरचं सगळं वाच, पण घाबरू नकोस. प्रशिक्षण आठवडाभर आधीच आटोपलं. मी टेबलावर नऊच्या नऊ ओळीत मांडून शेवटचं एकदा यादीशी ताडत होतो, आणि दारात बॅग घेऊन जावईबापू उभे. मी उठलो आणि तुला अकरा-बारा परिच्छेदांत लिहिलं ते त्यांना एका दमात सांगितलं. खोटं बोललो तेही, कानाशी धरलं तेही. त्यांनी बॅग ठेवली, माझ्या खाटेवर बसले आणि बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग सहा नंबरकडे बोट करून मला विचारलं, "हात लावू का?" स्वतःच्याच रोबोला, डिंक्या. मी म्हटलं, तुमचाच आहे. त्यांनी तो उचलला, त्याचा एक हात वर केला, मग दुसरा केला. दोन्ही अंगठे एकीकडे. आणि ते हसले. मी त्यांचं हसू पहिल्यांदा ऐकलं, जुन्या लिफ्टचं दार सरकावं तसा आवाज आहे. मग चहा झाला, दोन तास दोघांनी मिळून इस्त्रीची मोटार करून पाहिली, झाली नाही. आणि उठताना ते म्हणाले, "बाबा, याला परत खोक्यात नको घालू या."

तेव्हा बाकी आठ नीट बंद करून पाठव, त्यांची इच्छा आहे. सहा नंबरचं खोकं मात्र रिकामं आहे, दचकू नकोस. ते रिकामंच चिकटव, आत वजनाला एक खोडरबर घाल. पहिल्या रविवारी सगळी मंडळी काचेतून ते बघतील आणि माना डोलावतील. मी कानाशी धरीन. जावईबापू म्हणतात, तुम्ही बसा, मंडळींचे नंबर मी लावतो. पाठीवर "उजवा हात एक, डावा हात एक" असं छापलेलं आहे, शेजारी मी लाल पेन्सिलीने खूण केली होती ती पुसून टाक. आत आता एकही हात नाही, आणि मी, चुकीचा मजकूर डोळ्यांसमोर असताना, तसाच जाऊ देतो आहे.

तो स्वतः माझ्या टेबलावर शब्दकोशाला टेकून उभा आहे. त्याचं नाव आम्ही डिंक्या ठेवलंय, राग मानू नकोस. आज सकाळी त्याला ती दुसरीतली कविता हातवाऱ्यांसकट म्हणायला लावली. पाखरू उजवीकडून आलं, आणि या गाढवाने डावाच हात वर केला.